आवाज तयार आहे, धडा द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



हे पत्र निधी मागण्यासाठी नाही, हे आधीच सांगते. मला जे हवं आहे त्यातलं निम्मं जगात फुकट मिळतं, आणि उरलेलं निम्मं आपल्याच खात्याच्या संगणकांत आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर शाळेनं ग्रंथालयाची खोली मला दुपारी दोन तास वापरायला दिली. तिथं पाचवी ते नववीची अकरा मुलं येतात. त्यांच्यापैकी कुणीही मंद नाही, आळशी तर मुळीच नाही. पण वयाप्रमाणे वाचता एकालाही येत नाही, आणि लिहिताना प्रत्येकाचा हात अडतो. शिक्षणशास्त्रात याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. अडचण वाचनाची असेल तर डिस्लेक्सिया, लेखनाची असेल तर डिसग्राफिया. घरी मात्र 'लक्ष नाही' म्हणतात आणि वर्गात 'अभ्यास नाही' म्हणतात. मीही पहिली पंधरा वर्षं तेच म्हणत होते. त्या वर्षांतली काही मुलं आता बाजाराच्या दिवशी भेटतात, वाकून नमस्कार करतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

या अकरांपैकी एकाबद्दल सांगते. सातवीत आहे. ओढ्यापलीकडच्या वाडीवरून चालत येतो. वडील मुंबईत माथाडी कामगार, घरी आई, आजी आणि चार शेळ्या. वर्गात तोंडी प्रश्न विचारला की पहिला हात त्याचा असतो. धडा कुणी मोठ्यानं वाचून दाखवला, तर महिन्यानंतरही त्यातली माणसं, त्यांची बोलणी त्याला जशीच्या तशी आठवतात. पुस्तक हातात दिलं की तोच मुलगा खांदे आत ओढून घेतो.

मराठी जशी लिहितो तशी वाचतो, म्हणून मराठी मुलांना वाचायला अडचण कसली, असं मला मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी ऐकवलं आहे. आपणही कधी म्हणाला असाल. एकदा त्याच्या शेजारी बसून बघावं, एवढंच मी म्हणेन. 'किल्ला' हा शब्द घ्या. पानावर वेलांटी आधी येते, तोंडात ती क नंतर येते. 'सूर्य' मध्ये र चा उच्चार य च्या आधी, आणि तो बसतो य च्या डोक्यावर. हाच र 'चक्र' मध्ये तिरकी रेघ होऊन खाली जातो, 'राष्ट्र' मध्ये आणखी वेगळं रूप घेतो, आणि 'दऱ्या' मध्ये अर्धा होऊन शेजारी उभा राहतो. एका अक्षराची इतकी रूपं, आणि ती वर, खाली, मागे, पुढे कुठंही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक एवढाच की रेघ जोडलेली आहे की सुटलेली, गाठ आहे की नाही. आपण हे सगळं एका नजरेत उचलतो आणि पुढं जातो. तो प्रत्येक अक्षर सोडवतो. बहुतेक वेळा बरोबरही सोडवतो, म्हणूनच शिक्षकांच्या लक्षात येत नाही. चुका थोड्या होतात, वेळ फार जातो. आठ शब्दांच्या वाक्यात सातव्या शब्दापर्यंत पोचेतो पहिला शब्द हातातून सुटलेला असतो.

तिसरीपर्यंत हे झाकून जातं. पाचवीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं वाचूनच शिकायचं असतं, आणि मग मराठीच्या तासाची अडचण साऱ्या विषयांना गिळते. त्याला विजेचं मंडल माझ्यापेक्षा चांगलं कळतं. गावातल्या मोटारपंपाचं स्टार्टर तो काकाबरोबर उघडून बसतो. विज्ञानाच्या पेपरात त्याला अकरा गुण मिळाले.

दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्यानं त्याचा जुना लॅपटॉप शाळेला दिला. त्यावर मी एनव्हीडीए घातलं. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली ते लिहायला घेतलं, कारण तशी विकतची सॉफ्टवेअर अंध माणसाच्या खिशाला परवडत नव्हती. पुढं जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. आजही ते सगळ्यांसाठी फुकट आहे. त्याच्या पोटात ईस्पीक एनजी नावाचा आवाज असतो, आणि तो मराठी बोलतो. खरं सांगायचं तर तो आवाज गोड नाही, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. पण त्याला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे नेट दुपारचं हमखास जातं, वीजही जाते, तरी बॅटरी असेपर्यंत तो वाचत राहतो.

एनव्हीडीए मूळचं न दिसणाऱ्यांसाठी आहे. ते बटणांची, खिडक्यांचीही नावं सांगत बसतं, आणि डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला त्याचा गोंधळ होतो. म्हणून पुढं मी थोरियम रीडर वापरायला लागले. पॅरिसच्या ईडीआरलॅब या ना-नफा संस्थेनं तो बनवला आहे. ईपब नावाच्या स्वरूपातलं पुस्तक त्यात उघडतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढवता येते, आणि संगणकात असलेल्या आवाजात पुस्तक वाचून घेता येतं. जागा वाढवणं ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. २०१२ साली इटली आणि फ्रान्समधल्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवर प्रयोग झाला होता. अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर तीच मुलं तोच मजकूर जास्त वेगानं आणि कमी चुका करत वाचू लागली. डिस्लेक्सियासाठी म्हणून खास काढलेल्या फॉन्टांचा गाजावाजा बराच होतो. मला मोकळ्या जागेवर जास्त भरवसा आहे, आणि ती कुठल्याही मराठी फॉन्टला देता येते.

ज्यांच्या घरी अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या फोनमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' ही सोय कंपनीनंच दिलेली असते. एज ब्राउझर मराठी पान मोठ्यानं वाचतो, त्यातल्या दोन आवाजांची नावं आरोही आणि मनोहर आहेत, आणि ते माणसासारखे बोलतात. फक्त त्यांना नेट लागतं. आपल्या देशात आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं भारतीय भाषांचे आवाज तयार झाले, त्यात मराठी आहे. केंद्र सरकारची भाषिणी ही भारतीय भाषांसाठीची सेवा २०२२ पासून चालू आहे, तिच्यातही मराठी आहे. म्हणजे मराठी वाचून दाखवणारा आवाज नाही ही सबब आता कुणालाच सांगता येणार नाही.

फुकट आणि मुक्त यांत मी फरक करते, तो आपल्या खात्यानंही करावा. कंपनीनं फुकट दिलेली सोय कंपनी उद्या काढून घेऊ शकते. एनव्हीडीए, ईस्पीक, थोरियम यांचं तसं नाही. त्यांचा स्रोत उघडा आहे, पेन ड्राइव्हवर घालून कुणीही कुणाला द्यावं, मराठी उच्चार चुकत असतील तर आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी सुधारावेत. केरळनं आपल्या सरकारी शाळांमधलं संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभं केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. महाराष्ट्राला ते अवघड आहे असं मला वाटत नाही.

आता ज्या दुपारमुळं हे पत्र लिहायला बसले, तिच्याकडे येते.

शाळेच्या संगणकात पूरक वाचनाच्या एका पुस्तकाची पीडीएफ होती. कुणी काढलेली ते लिहीत नाही, कारण दोष एका प्रकाशकाचा नाही. गोष्ट वाघाची होती, चित्रं सुंदर होती, आणि त्याला ती स्वतः ऐकायची होती. हेडफोन कानाला लावून त्यानं बटण दाबलं. मी दुसऱ्या मुलीकडे बघत होते. थोड्या वेळानं पाहिलं तर तो तसाच बसलेला, पडद्याकडे एकटक बघत, कपाळावर घाम. मी हेडफोन माझ्या कानाला लावला. आतून इंग्रजी अक्षरांची नावं येत होती, मध्येच एखादा आकडा, मध्येच एखादं चिन्ह, पुन्हा अक्षरं. पडद्यावर स्वच्छ मराठी होती. कानात तिचा मागमूस नव्हता.

तो म्हणाला, "बाई, माझंच काय चुकलं का?"

मंत्रिमहोदय, या मुलानं सात वर्षं प्रत्येक अपयश आपलंच समजून घेतलं आहे. संगणकाचा दोषही त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतला.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. युनिकोड हे सगळ्या संगणकांना समान असं अक्षरांचं मानक रुळण्याआधी मराठी जुळणीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट निघाले. त्यांनी मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवली. डोळ्याला क दिसतो, संगणकाच्या लेखी तिथं एखादं परकं अक्षर असतं. छापायला त्यानं काही बिघडत नाही, म्हणून छापखान्यांत ती पद्धत अजून चालते. वाचून दाखवणारा आवाज मात्र संगणकाच्या लेखी जे आहे तेच वाचणार. केंद्र सरकारनं ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक २००९ सालीच ठरवलं आहे.

आणि नुसतं युनिकोड असूनही पीडीएफमध्ये सगळं भागत नाही. पीडीएफ हे छापील पानाचं रूप आहे. त्यात अक्षराचा आकार कुठं उमटवायचा हे नोंदलेलं असतं. कुठल्या अक्षरामागून कुठलं वाचायचं हे नीट नोंदलेलं असेलच असं नाही. इंग्रजीत यानं फारसं अडत नाही. आपल्या वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं मात्र अशा पानातून उचलताना जागा सोडतात. चित्राभोवती वळवलेला मजकूर, चौकटीतले प्रश्न, दोन रकाने, हे सगळं आवाज भलत्याच क्रमानं वाचतो. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ही मोठी गोष्ट आहे, गावोगावच्या पालकांना तिचा उपयोग होतो, मीही तिचे आभार मानते. माझं मागणं त्याच्या पुढच्या पायरीचं आहे. तेच पुस्तक ईपब स्वरूपात, युनिकोडमध्ये, धड्याचा क्रम, मथळे आणि चित्रांची वर्णनं यांसह शेजारी ठेवावं.

त्या दुपारनंतर मी धडे टाइप करायला लागले. वाघाची गोष्ट पहिली, मग सातवीच्या पुस्तकांतले पाठ. जेवणं उरकल्यावर रात्री नऊ ते अकरा बसते. छापील पानाचा फोटो काढून टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरकडून अक्षरं ओळखून घेता येतात, ते मराठी ओळखतं, पण जोडाक्षरांत चुकतं, आणि चुका शोधण्यापेक्षा मला सरळ टाइप करणं जवळचं वाटतं. आजपर्यंत त्रेचाळीस पाठ झाले. असं करणं कायद्यात बसतं का, असं मला एका सहकाऱ्यानं काळजीनं विचारलं. बसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यानं अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून द्यायला मुभा दिली आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, आणि त्या करारात अंधांबरोबर वाचन अक्षमता असलेलेही येतात. त्याच विचारातून २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

पण मी जे रात्री बसून टाइप करते, ते कुणीतरी आधीच एकदा टाइप केलेलं आहे. पुस्तक छापायला गेलं तेव्हा प्रत्येक धड्याची फाइल तयारच होती. माझ्यासारख्या आणखी किती बाया आणि बाप्ये आपापल्या मुलासाठी तोच धडा पुन्हा टाइप करत बसले असतील, हा विचार मनातून जात नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तकंही फुकट मिळतात. त्यानंतर एका जाणत्या मुद्रितशोधकानं हात फिरवला की झालं.

कायदा तर आपल्या बाजूनं उभा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं विशिष्ट अध्ययन अक्षमता प्रथमच दिव्यांगत्वाच्या यादीत घेतली. त्याचं कलम १७ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, अध्ययन साहित्य आणि सहायक साधनं मोफत द्यायला सांगतं. कलम ४२ इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात असावा म्हणतं. २०१७ च्या नियमांत संकेतस्थळावरच्या दस्तऐवजांसाठी ईपबचं नाव घेऊन उल्लेख होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारक हवेत. यापुढं जाऊन नवा कायदा कुणी मागत नाही.

लिहिण्याबद्दलही सांगायलाच हवं, कारण वाचनापेक्षा तिथं त्याचा अपमान जास्त झाला आहे. सहामाहीच्या निबंधाचा विषय होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. त्यानं चार ओळी लिहिल्या होत्या. रेघेखाली घसरलेली अक्षरं, खोडलेले शब्द, पेन्सिल दाबून फाटलेला कागद. मी फोनवर मराठी कीबोर्ड काढला, माइकचं चिन्ह दाखवलं आणि म्हटलं, आता मला सांग तुझा दिवस. गूगलनं मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ सालापासून दिली आहे. तो सांगत गेला. ओढ्याला रात्रीत पाणी कसं चढलं, आजीनं शेळ्या कशा एकेक करून चुलतीच्या पडवीत नेल्या, धाकटं करडू मात्र पाण्याच्या आवाजाला भिऊन हलेना, मग त्यानं ते सदऱ्याच्या आत घातलं, त्याचं काळीज धडधडताना त्याला पोटाशी जाणवत होतं. दीड पान झालं. फोनला त्याचं 'व्हतं' आणि 'न्हाई' सगळीकडे कळलं नाही, विरामचिन्ह तर एकही नव्हतं, आणि ते आम्ही दोघांनी बसून नीट केलं. ते नीट करताना तो पहिल्यांदा स्वतःचं वाक्य स्वतः वाचत होता. करडाची ओळ त्यानं तीनदा वाचली.

हा मुलगा निबंधात नापास होता.

ऐकायची आणि बोलून लिहायची सवय लागली तर मुलं वाचायला शिकणारच नाहीत, अशी भीती शिक्षकांना वाटते. ती मी हसण्यावारी नेत नाही, कारण मलाही वाटली होती. माझा अनुभव असा की आवाज चालू असताना डोळा अक्षरावर राहिला, तर वाचन वाढतं. म्हणून मी पडद्याशिवाय नुसतं ऐकू देत नाही. आता तो आवाजाचा वेग स्वतः कमी करतो, ओळखीचा शब्द आला की आवाज थांबवून स्वतः म्हणून बघतो. सॉफ्टवेअरनं विशेष शिक्षकाची गरज संपत नाही, अक्षरओळख, जोडाक्षरांचा सराव माणसालाच घ्यावा लागतो. पण तो सराव चालू असताना मुलानं इतिहास आणि विज्ञान दोन वर्षं थांबवून ठेवायचं का? तेवढ्या काळात धडा त्याच्यापर्यंत पोचवणारं दुसरं काही आपल्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुंबई-पुण्यात बसून लक्षात येणार नाही. आपल्याकडची प्रत्येक सवलत प्रमाणपत्राशी बांधलेली आहे. महाराष्ट्रानं अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यात पूर्वीच पुढाकार घेतला, मुंबईत शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीची चांगली परंपरा आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' ही चाचणी २०१५ साली काढली, ती मराठीतही आहे. पण माझ्या अकरा मुलांपैकी प्रमाणपत्र दोघांकडेच आहे. बाकीच्यांच्या आयांनी रोजगार बुडवून जिल्ह्याला किती खेपा घालायच्या? एका मुलीची आई तीन वेळा एका रुग्णालयात जाऊन आली, तीनही वेळा तज्ज्ञ नव्हते, चौथ्यांदा ती गेली नाही. अशा मुलीला जादा वेळ नाही, लेखनिक नाही, काहीच नाही. ईस्पीकचा आवाज मात्र तिला प्रमाणपत्र विचारत नाही. ईपब पुस्तक ज्याला हवं त्याला उघडता येतं, मग त्याला डिस्लेक्सिया असो, नजर अधू असो, की तो परप्रांतातून आलेल्या वीटभट्टी कामगाराचा मुलगा असो. म्हणून परीक्षेतल्या सवलतींच्या आधी मी पुस्तकाचं मागते.

परीक्षेचं मागते ते थोडक्यात. लेखनिक मिळवणं तालुक्याच्या गावी फार जड जातं. खालच्या वर्गातलं मूल शोधायचं, त्याच्या पालकांची मनधरणी करायची, आणि मग त्या अनोळखी पोराला प्रमेयाची आकृती तोंडानं सांगायची. केंद्रीय मंडळानं २०१८ पासून विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना संगणकावर प्रश्न ऐकायला आणि उत्तर टाइप करायला परवानगी दिली आहे. आपल्या मंडळातही अर्ज, विनंत्या आणि ओळखी यांवर हे अवलंबून राहू नये, प्रत्येक केंद्राला माहीत असलेला लेखी नियम असावा, आणि प्रश्नपत्रिका आवाजाला वाचता येईल अशी निघावी. नियम माहीत नसल्यानं काय होतं ते २०२१ च्या नीट परीक्षेत दिसलं. डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा एक तास केंद्रावर दिलाच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण पुन्हा परीक्षा काही झाली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच न्यायालयानं लेखनिकासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही असा निकाल दिला होता. दोन्ही निकाल शाळांच्या मुख्याध्यापकांपर्यंत परिपत्रकानं पोचावेत. मी ज्या पाच मुख्याध्यापकांना विचारलं, त्यांतल्या चौघांना ते ठाऊक नव्हते.

खर्च मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. हेडफोन लागतील. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना दोन दिवस ही सॉफ्टवेअर शिकवावी लागतील, आणि त्यांना इतर अहवालांच्या कामातून तेवढे दिवस मोकळं करावं लागेल. शाळांमधल्या संगणकांवर ही सॉफ्टवेअर घालायला कुणालातरी बसावं लागेल. बऱ्याच शाळांत संगणकखोलीला कुलूप असतं आणि किल्ली एकाच माणसाकडे असते, त्याचाही बंदोबस्त हवा. याहून मोठा खर्च मला दिसत नाही.

पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ पासून या राज्यातल्या मुलांच्या हातात पुस्तक देत आलं आहे. माझ्या पिढीला वाचायची गोडी त्याच पुस्तकांनी लावली. मराठी पुस्तक ईपबमध्ये आलं तर ते गोव्यातल्या आणि बेळगावातल्या मराठी मुलांनाही घेता येईल. मात्र सगळ्या इयत्ता एकदम करायचा संकल्प करू नका, तो फायलीत अडकेल. पाचवी ते आठवीची मराठी, इतिहास आणि विज्ञान ही पुस्तकं आधी घ्या. पहिला धडा तयार झाला की तो आमच्यासारख्या शिक्षकांना पाठवा, आम्ही मुलांबरोबर बसून ऐकू, कुठं रफार चुकतो, कुठं चौकट मध्येच घुसते, ते लिहून पाठवू. हे काम आम्ही बिनमोल करू.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील आणि तो आठवीत जाईल. आठवीच्या मराठीच्या पुस्तकातला पहिला धडा मी टाइप करायला घेतला आहे. मराठी झालं की इतिहास, मग विज्ञान. रोज रात्री बसले तरी वर्षाअखेर हे पुरं होणार नाही. हीच अक्षरं आपल्याकडे आधीच टाइप केलेली आहेत. शाळा उघडण्याआधी ती आम्हाला द्या.



आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका